लोकसभा निवडणुकीआधी पंतप्रधानपदाचे दावेदार कसे तोलावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणाला मत द्यावं हे या पानावर सांगितलेलं नाही. दावेदारांबद्दलची खरी माहिती कुठे मिळते, ती कशी वाचायची आणि वाचताना लोक कुठे फसतात, एवढंच इथे आहे. उदाहरणं सगळ्या पक्षांची आणि बहुतेक जुन्या निवडणुकांतली घेतली आहेत, कारण त्यांचा निकाल आपल्यासमोर आहे.

मी मत पंतप्रधानाला देतो की खासदाराला?

खासदाराला. मतदानयंत्रावर फक्त तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावं असतात. पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतात, राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी किमान २७२ खासदार ज्याच्या मागे उभे राहतील, त्याचं सरकार टिकतं. महाराष्ट्राच्या वाट्याला यातल्या ४८ जागा आहेत, गोव्याच्या २. त्यामुळे तुमचं मत नेत्यापर्यंत पोहोचतं ते स्थानिक उमेदवाराच्या हातून. दोघांनाही तोलावं लागतं.

पक्षाने ‘चेहरा’ जाहीर केला म्हणजे तोच पंतप्रधान होणार ना?

पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं तर बहुधा होय. भाजपने १३ सप्टेंबर २०१३ रोजी नरेंद्र मोदींचं नाव जाहीर केलं आणि २०१४ मध्ये २८२ जागा मिळाल्यावर तेच पंतप्रधान झाले. २००९ मध्ये लालकृष्ण अडवाणी असेच जाहीर उमेदवार होते. भाजप ११६ वर थांबला आणि तो विषय तिथेच संपला.

बहुमत नसेल तर मात्र यादीत नसलेली माणसं पुढे येतात. १९९६ मध्ये एच. डी. देवेगौडा कर्नाटकचे मुख्यमंत्री होते, लोकसभेला उभेच नव्हते. २००४ मध्ये काँग्रेस संसदीय पक्षाने सोनिया गांधींना नेता निवडलं, त्यांनी पद नाकारलं आणि २२ मे रोजी मनमोहन सिंग यांनी शपथ घेतली. पी. व्ही. नरसिंह राव रामटेकमधून १९८४ आणि १९८९ असे दोनदा निवडून आले होते, पण १९९१ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती. पंतप्रधान झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले. २०२४ मध्ये इंडिया आघाडीने चेहरा जाहीरच केला नव्हता.

म्हणून तुमच्या वहीत प्रत्येक मोठ्या पक्षापुढे तीन नावं लिहा: पहिलं जाहीर नाव, दुसरं पक्षातलं पर्यायी नाव आणि तिसरं मित्रपक्षांना चालेल असं नाव. तिसऱ्या नावाचा विचार मतदार जवळजवळ कधीच करत नाहीत, आणि देवेगौडांचं नाव नेमकं त्या रकान्यातून आलं होतं.

पंतप्रधान लोकसभेचाच सदस्य असावा लागतो का?

नाही. राज्यसभेचा सदस्य चालतो; मनमोहन सिंग दहाही वर्षं राज्यसभेतच होते. कोणत्याच सभागृहात नसलेल्या व्यक्तीला सहा महिन्यांच्या आत निवडून यावं लागतं. लोकसभेसाठी किमान वय २५, राज्यसभेसाठी ३०.

मग नेमकं काय तोलायचं? भाषणं तर सगळ्यांचीच चांगली असतात.

पंतप्रधानाची रोजची कामं डोळ्यांपुढे आणा. मंत्री निवडणं आणि खाती वाटणं, सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचं अध्यक्षपद, वरिष्ठ सरकारी नेमणुकांवर शिक्कामोर्तब, मित्रपक्षांना सांभाळणं, आणि संकट आलं की अपुऱ्या माहितीवर तातडीने निर्णय घेणं. यातलं एकही काम व्यासपीठावर दिसत नाही.

आमच्या मते सगळ्यात मोठी कसोटी माणसं निवडण्याची. १९९१ चे पहिले पाच आठवडे पाहा. नरसिंह रावांनी २१ जूनला शपथ घेतली तेव्हा त्यांच्याकडे बहुमत नव्हतं आणि परकीय चलनाची गंगाजळी आटली होती. अर्थखातं त्यांनी मनमोहन सिंग यांच्याकडे दिलं, जे तेव्हा खासदारही नव्हते. उद्योगखातं स्वतःकडे ठेवलं. १ आणि ३ जुलैला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं, जुलैमध्येच रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण गेलं, आणि २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण व अर्थसंकल्प एकाच दिवशी मांडले गेले. त्या निर्णयांवर आजही वाद घाला, जरूर घाला. पण ते कोण घेऊ शकलं आणि कोणाच्या जोरावर, हे रावांच्या प्रचारसभा ऐकून कोणालाच कळलं नसतं.

त्यामुळे दावेदाराच्या मागची माणसं शोधा. अर्थ, गृह, संरक्षण आणि परराष्ट्र या चार खात्यांसाठी त्याच्या पक्षात कोण आहे? चारही नावं सुचत नसतील, तर ती उणीव मोठी आहे. सहकारी किती वर्षं टिकले, पक्ष सोडून कोण गेलं आणि जाताना काय कारण दिलं, हेही लिहून ठेवा.

दावेदार मुख्यमंत्री होता. त्याच्या राज्याचा कारभार कसा तपासू?

मोरारजी देसाई, चरणसिंग, व्ही. पी. सिंग, नरसिंह राव, देवेगौडा, मोदी हे सगळे आधी मुख्यमंत्री होते, त्यामुळे हा प्रश्न कायम येणार. जाहिरातींतले आकडे बाजूला ठेवा आणि तीन कागद उघडा.

पहिला, राज्याचा अर्थसंकल्प. त्यात एकाच ओळीत तीन वेगवेगळ्या वर्षांचे आकडे असतात: येत्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात प्रत्यक्ष आकडे २०२३-२४ चे मिळतील. बातम्या अंदाजाच्या येतात; तुम्ही प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाचा. २०२३-२४ साठी आरोग्याला किती देऊ म्हटलं होतं ते त्या वर्षीच्या पुस्तकात बघा, खर्च किती झाला ते दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात. चार-पाच खात्यांचं असं केलं की सरकार बोलल्याप्रमाणे वागतं का, ते कळतं.

दुसरा, कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा) राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल. राजकोषीय तूट (उत्पन्नापेक्षा जास्त झालेला, कर्जातून भागवलेला खर्च) राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आसपास आहे का, एवढं बघून थांबू नका. सरकारी महामंडळांनी काढलेली आणि सरकारने हमी दिलेली कर्जं त्या तुटीत येत नाहीत. ती वेगळ्या तक्त्यात असतात. आणि अहवाल विधिमंडळात कधी मांडला गेला ती तारीख पाहा. अहवाल मांडायला फार उशीर झाला असेल तर तोही शेरा समजा.

तिसरा, रिझर्व्ह बँकेचा राज्यांच्या अर्थसंकल्पांवरचा वार्षिक अभ्यास. सगळी राज्यं एका मापाने मोजलेली असल्यामुळे तुलनेला हाच बरा.

नेहमीच्या चुका: वाढीचा दर चालू किमतींचा की स्थिर किमतींचा हे न बघणं (चालू किमतींत महागाईही वाढ म्हणून दिसते), सामंजस्य करारांच्या रकमेला झालेली गुंतवणूक समजणं, आणि आधीच श्रीमंत असलेल्या राज्याचं श्रेय मुख्यमंत्र्याला देणं. कारकीर्द सुरू होताना राज्य कुठे होतं आणि संपताना कुठे होतं, हा फरक मोजा. मग त्याच काळात शेजारच्या राज्यांत किती फरक पडला तो मोजा.

आणि जो कधी मंत्रीच नव्हता?

चंद्रशेखर आणि राजीव गांधी दोघेही आधी कुठलंही मंत्रिपद न सांभाळता थेट पंतप्रधान झाले. अशा दावेदाराचं संसदेतलं काम आणि त्याने पक्ष कसा चालवला हे पाहावं लागतं: अंतर्गत निवडणुका होतात का, राज्यातलं भांडण किती दिवस चिघळू देतो, पराभवानंतर काय बदलतो.

संसदेतली कामगिरी कुठे सापडते? हजेरी कमी असलेला खासदार वाईट का?

संसद डॉट इन या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि खासगी विधेयकं शोधता येतात. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या पानावर हेच तक्त्यात मिळतं.

पण आकडे जसेच्या तसे घेऊ नका. मंत्री आणि विरोधी पक्षनेता हजेरीपटावर सही करत नाहीत, त्यामुळे त्यांची हजेरी दिसतच नाही. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. म्हणून ‘अमुक मंत्र्याने पाच वर्षांत शून्य प्रश्न विचारले’ हा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. लोकसभेतलं विरोधी पक्षनेतेपद तर २०१४ ते २०२४ रिकामंच होतं, कारण प्रथेप्रमाणे लागणाऱ्या ५५ जागा कोणत्याही विरोधी पक्षाकडे नव्हत्या. जून २०२४ पासून ते राहुल गांधींकडे आलं. पदं बदलली की आकड्यांचा अर्थ बदलतो.

प्रश्नांची संख्याही फसवी असते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर येतात. तारांकित प्रश्नाचं उत्तर सभागृहात तोंडी मिळतं; अतारांकित प्रश्नाचं लेखी मिळतं, त्यावर उपप्रश्न नसतो. हे प्रश्न कार्यालयातली माणसंही लिहून देतात. माणूस कळायचा तर त्याचं एखाद्या विधेयकावरचं पूर्ण भाषण वाचा. ते शब्दशः नोंदवलेलं असतं. तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये टाळ्या असतात. पूर्ण भाषणात त्याने विरोधकाचा मुद्दा आधी नीट समजून घेतला का, हे दिसतं.

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र कसं वाचायचं?

मतदाराच्या हातातला हा सगळ्यात कामाचा कागद, आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे तो आपल्याला मिळाला. नाव ‘नमुना २६’. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ‘नो युवर कँडिडेट’ ॲपवर अर्ज भरल्यावर लवकरच दिसतो. सही-शिक्क्याच्या स्कॅन प्रती असतात, त्यामुळे मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्यावर वाचा.

बहुतेक जण शेवटचा ‘भाग ब’ वाचून सोडून देतात. तो नुसता गोषवारा आहे. माहिती ‘भाग अ’ मध्ये असते:

– मागच्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न. स्वतःचं, जोडीदाराचं, हिंदू अविभक्त कुटुंबाचं आणि अवलंबितांचं वेगवेगळं.
– रोख, बँक खाती, शेअर, विमा, दिलेली कर्जं, वाहनं, दागिने वजनासकट.
– जमीन आणि घरं: गट क्रमांक, क्षेत्रफळ, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजची अंदाजे किंमत.
– परदेशातली मालमत्ता, बँकांची कर्जं, सरकारी थकबाकी.
– प्रलंबित खटले आणि झालेल्या शिक्षा.

एकच प्रतिज्ञापत्र वाचून फार कळत नाही. २०१४, २०१९ आणि २०२४ ची शेजारी ठेवा. ‘संपत्ती पाच वर्षांत दुप्पट’ असं दिसलं की आधी स्थावर मालमत्तेच्या रकान्यात जा. समजा, २००५ मध्ये १२ लाखांना घेतलेली जमीन २०१९ ला ६० लाख आणि २०२४ ला १ कोटी २० लाख दाखवली आहे. ही वाढ जमिनीच्या भावाची. त्या माणसाने ६० लाख कमावलेले नाहीत. ते वजा करा. मग पाच वर्षांत नव्याने घेतलेली मालमत्ता आणि जंगम संपत्तीतली वाढ मोजा, आणि त्याच पाच वर्षांच्या उत्पन्नाशी ताडून बघा. उत्पन्न आणि नवी कर्जं मिळूनही वाढ समजत नसेल, तर प्रश्न रास्त आहे. उलट, आधीच्या प्रतिज्ञापत्रातला एखादा भूखंड नव्यात गायब असेल तर विक्रीची रक्कम कुठे दिसते ते शोधा.

रकाना कोरा सोडता येत नाही; ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावंच लागतं. दोन मतदारसंघांतून लढणाऱ्या नेत्याची दोन प्रतिज्ञापत्रं असतात (२०१४ मध्ये मोदी वडोदरा आणि वाराणसीतून, २०२४ मध्ये राहुल गांधी रायबरेली आणि वायनाडमधून). दोन्ही ताडून पाहा.

गुन्ह्यांची कलमं वाचताना काय सांभाळायचं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि क्रमांक बदलले. त्याआधीच्या खटल्यांत भारतीय दंड विधानाचे क्रमांक असतात, नंतरच्यांत नवे. जुन्या कायद्यात ३०२ म्हणजे खून. नव्या संहितेत खून कलम १०३ मध्ये आहे, आणि ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दलचं कलम आहे. नुसता ‘३०२’ वाचून हादरू नका. शेजारी कायद्याचं नाव बघा.

त्यानंतर बघा की न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, आणि कधी. नुसता गुन्हा दाखल होणं आणि आरोप निश्चित होणं यात फार अंतर आहे. जमावबंदी मोडून आंदोलन केल्याचे दहा खटले आणि फसवणुकीचा एक खटला यांची बेरीज करू नका.

प्रलंबित फौजदारी खटले असलेल्या उमेदवाराला पक्षाने का निवडलं, याची कारणं पक्षाला निवडीपासून ४८ तासांत प्रसिद्ध करावी लागतात; ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढं कारण सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नाकारलं आहे. हा कागद ‘सी-७’ या नमुन्यात असतो. एकाच पक्षाचे पाच-सहा ‘सी-७’ वाचा. सगळ्यांत तेच वाक्य असेल, तर पक्षनेतृत्वाने या प्रश्नाला किती मान दिला ते कळेल.

जाहीरनाम्यातलं आश्वासन खरं की पोकळ, कसं ओळखू?

प्रत्येक आश्वासनापुढे तीन गोष्टी लिहा: विषय केंद्राचा की राज्याचा, पैसा कुठून, आणि साध्या कायद्याने होईल की घटनादुरुस्ती लागेल. घटनादुरुस्तीला उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतं आणि एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, काही बाबतींत निम्म्या राज्यांची मंजुरीही. आघाडी सरकार हे कोणाच्या जोरावर करणार, ते जाहीरनाम्यात बहुधा नसतं.

केंद्र-राज्य भेद कसा लागू होतो, ते कांद्याने शिकवलं आहे. शेती राज्याचा विषय, पण निर्यात केंद्राचा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदानिर्यात बंद केली. ४ मे २०२४ ला, निवडणूक चालू असताना, बंदी उठवली; पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मे ला नाशिक आणि दिंडोरीत मतदान झालं. लासलगावच्या बाजार समितीत भाव पडतो तेव्हा त्यामागचा हात दिल्लीतला असू शकतो. म्हणून लोकसभेच्या उमेदवाराला कर्जमाफीपेक्षा निर्यातधोरण, उसाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान रास्त भाव), साखरेची किमान विक्री किंमत आणि आयातशुल्क यांबद्दल विचारा.

‘पंतप्रधान म्हणून कोण आवडतं?’ या सर्वेक्षणांवर किती विश्वास ठेवायचा?

कल समजण्यापुरता. हजार जणांच्या चांगल्या नमुन्यातही साधारण ३ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं, आणि दोघांमधल्या आघाडीला ती चूक जवळजवळ दुप्पट लागते. देशभरच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातली माणसं काहीशेच असली तर ‘महाराष्ट्राची पसंती’ म्हणून छापलेला आकडा फार कच्चा असतो. नावं वाचून दाखवली होती की लोकांनी आपणहून सांगितली, हेही बघा. वाचून दाखवली की कमी माहीत असलेल्या नेत्यांची पसंती वाढते.

पसंती कळली तरी जागा कळत नाहीत. भाजपला २०१९ मध्ये ३७.४ टक्के मतं आणि ३०३ जागा मिळाल्या, २०२४ मध्ये ३६.६ टक्के आणि २४०. एक टक्काही न घसरता ६३ जागा गेल्या. काँग्रेस १९.५ वरून २१.२ टक्क्यांवर आली आणि ५२ च्या ९९ झाल्या. मतदानोत्तर चाचण्या २००४ ला चुकल्या आणि २०२४ ला बहुतेकींनी एनडीएला ३५० च्या वर नेलं, प्रत्यक्षात २९३.

त्रिशंकू लोकसभा आली तर कोणता दावेदार टिकेल?

पाठिंबा आतून की बाहेरून, हे आधी विचारा. चरणसिंग, व्ही. पी. सिंग, चंद्रशेखर, देवेगौडा, गुजराल: बाहेरच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले हे पाचही जण वर्षभर टिकले नाहीत. चरणसिंग तर लोकसभेला सामोरेच गेले नाहीत. मनमोहन सिंग सरकारलाही २००४ मध्ये डाव्यांचा बाहेरून पाठिंबा होता, पण किमान समान कार्यक्रम लिहून घेतलेला होता. तो पाठिंबा २००८ मध्ये गेल्यावर त्यांनी २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. वाजपेयींचं सरकार एप्रिल १९९९ मध्ये २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं.

दावेदाराने पूर्वी आघाडी चालवली आहे का, मित्रपक्ष का तुटले, आणि निवडणुकीआधी लेखी कार्यक्रम आहे का, हे तीन मुद्दे पुरतात.

नेता पसंत आहे, पण स्थानिक उमेदवार नाही. काय करू?

सगळ्यात अवघड प्रश्न. आमचं मत असं: उमेदवारावर गंभीर आरोप निश्चित झाले असतील किंवा त्याने वारंवार पक्ष बदलले असतील, तर ‘नेत्याकडे बघून’ मत देऊ नका. असा खासदार नेत्यालाही अडचणीच्या वेळी साथ देईल याची खात्री नसते. तो फक्त कमी बोलका किंवा कमी परिचित असेल, तर नेत्याला जास्त वजन द्यायला हरकत नाही.

मराठी माणूस पंतप्रधान व्हावा, हा निकष धरावा का?

इच्छा समजण्यासारखी आहे. जुलै १९७९ मध्ये राष्ट्रपतींनी यशवंतराव चव्हाणांना सरकार बनवता येतं का हे पाहायला बोलावलं होतं. आकडे जमले नाहीत आणि पुढे ते चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले. पण निकष म्हणून धरू नका. ज्याच्याकडे कांदा, ऊस, कापूस आणि मुंबईची लोकल यांवर लेखी भूमिका आहे, तो कुठल्याही राज्यातला असला तरी महाराष्ट्राच्या जास्त कामाचा.

मी दुबईत किंवा न्यू जर्सीत राहतो. मत देता येईल का?

भारतीय नागरिकत्व असेल आणि दुसऱ्या देशाचं घेतलेलं नसेल, तर नमुना ६-अ भरून पारपत्रावरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मतदानाला प्रत्यक्ष यावं लागतं आणि मूळ पारपत्र दाखवावं लागतं. ऑनलाइन मतदान नाही.

हे सगळं तपासायला वेळ किती मिळतो?

अधिसूचनेनंतर सातव्या दिवसापर्यंत अर्ज भरता येतात, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते, आणि तिथून मतदानापर्यंत किमान १४ दिवस असावे लागतात. म्हणजे प्रतिज्ञापत्रांसाठी हातात दोन-तीन आठवडेच उरतात. अर्थसंकल्प, कॅगचे अहवाल आणि संसदेतली भाषणं यांना अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. ती आधीच वाचून ठेवा. माघारीची मुदत संपली की त्याच संध्याकाळी अंतिम यादी घेऊन प्रतिज्ञापत्रं उतरवून घ्या.